भाडोत्री पलटण वाईटच कशी दाखवावी

कल्पनारम्य कादंबरी लिहायला घेतलीय ना? ड्रॅगन झाले, एल्फ झाले, नकाशाही काढून झाला. आता भाडोत्री सैनिकांची एक पलटण लागेल. कुणीतरी वाईट असावंच लागतं, आणि ड्रॅगनचे हल्ली चाहते फार झालेत.

सुरुवात दिसण्यापासून करा. भाडोत्री माणूस दाढी करत नाही, अंघोळीशी त्याचं वाकडं असतं आणि गालावर व्रण असतोच. तोच व्रण सरदाराच्या गालावर असला तर ती शौर्याची खूण. पलटण गावात शिरली की खाणावळवाल्याने पैसे आधी मागावेत, नाणं दाताखाली धरून बघावं आणि मग रात्रभर कोंबड्या मोजत बसावं. वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्यांच्या तलवारी म्यानासकट दोरीने करकचून बांधाव्यात. त्याच रात्री सांगाड्यांची फौज गावावर चालून आली, की त्याच पहारेकऱ्याने ओरडावं, "अरे, बघत काय उभे राहिलात?" गाठी सोडवण्यात वेळ गेला तर बखरकाराने 'भाडोत्र्यांनी ऐन वेळी कुचराई केली' एवढंच लिहावं. दोरीचा उल्लेख नको.

पलटणीत एखादा ऑर्क, म्हणजे कल्पनारम्य कथांमधला तो ओबडधोबड राक्षसी योद्धा, असेल तर तुमचं निम्मं काम झालंच म्हणून समजा. गावातली कुठलीही चोरी त्याच्या नावावर घाला. चोरी तो यायच्या आदल्या दिवशी झाली असली तरी चालेल. आल्यावर त्याला पकडणं सोपं पडतं.

मोबदल्याचा मुद्दा मात्र जपून हाताळा. पैसे घेऊन लढतो तो नीच, हे वाचकाच्या मनावर ठसलं पाहिजे. मग नायकाने राक्षस मारून अर्धं राज्य आणि वर राजकन्या घेतली, त्याचं काय? ते बक्षीस. तोच राक्षस बारा मोहरा ठरवून मारला, की माणूस विकला गेला. रक्कम जितकी किरकोळ तितका बट्टा मोठा, हे गणित वाचक सहसा मांडत नाही, तुम्हीही मांडू नका. सरदारांना मिळणाऱ्या जहागिऱ्यांचं वर्णन तर अजिबात नको. त्यांनी निष्ठेपोटी लढायचं आणि जमीन आपोआप त्यांच्या नावावर व्हायची.

इतिहासाचा आधार हवा असेल तर फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी मॅकियाव्हेली आहेच. भाडोत्री फौज निरुपयोगी आणि धोकादायक असते, असं त्याने १५१३ साली स्वच्छ लिहून ठेवलंय. फक्त आदल्या वर्षी फ्लॉरेन्सजवळच्या प्राटो गावात काय झालं ते सांगू नका. त्याने स्वतः खटपट करून उभी केलेली फ्लॉरेन्सची घरची फौज तिथे स्पॅनिश सैन्यासमोर पळत सुटली होती.

क्रौर्यासाठी १३७७ सालचं इटलीतलं चेझेना घ्या. जॉन हॉकवूड या इंग्रज कप्तानाच्या आणि फ्रान्सकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या भाडोत्र्यांनी तिथे हजारो माणसं कापली. खरंच कापली, त्यावर पांघरूण घालण्यासारखं काही नाही. पण ज्या कार्डिनलच्या हुकमाने ते गावात घुसले, त्या जिनिव्हाच्या रॉबर्टला पुढच्याच वर्षी कार्डिनलांच्या एका गटाने पोप म्हणून निवडलं. हे तळटीपेतसुद्धा टाकू नका. वाचकाला कुणाचा राग करायचा तेच कळेनासं होतं.

सगळ्यात अडचणीचा दिवस म्हणजे ६ मे १५२७. सम्राट पाचव्या चार्ल्सचं सैन्य रोममध्ये घुसलं. त्यात जर्मन भाडोत्री होते आणि त्यांचे पगार थकले होते. तुम्ही 'पगार थकले होते' असं लिहू नका, 'लूट हा त्यांचा पिंडच' असं लिहा. त्याच दिवशी पोपला वाचवताना १८९ पैकी १४७ स्विस रक्षक मेले. तेही परमुलखातून आणलेले, तेही पगारी. पण त्यांचा गणवेश फार छान आहे, म्हणून त्यांना भाडोत्री म्हणायचं नसतं. तात्पर्य, तुमच्या पलटणीला चुकूनही चांगले कपडे देऊ नका.

आपल्याकडे तर निवड आधीच झालेली आहे. थकलेल्या पगाराचा गलका करत १७७३ साली शनिवारवाड्यात घुसलेले आणि नारायणरावांचा जीव घेणारे गारदी सगळ्यांना ठाऊक. १७६१ साली पानिपतात शेवटपर्यंत लढून पकडला गेलेला आणि मारला गेलेला इब्राहिमखान गारदी मात्र परीक्षेपुरता.

आता शेवटची लढाई. पलटणीला डाव्या बगलेवर, दलदलीत उभं करा. निम्मे तिथेच जातील. विजयस्तंभावर सरदारांची नावं कोरा, जागा उरली तर त्यांच्या घोड्यांचीही, आणि तळाशी 'व इतर'. लढाई आटोपली की पलटणीचा कारकून वही घेऊन खजिन्याच्या दारात उभा राहील. (हो, कारकून असतो. इटलीतल्या अशा कंपन्या करार, लेखनिक, खजिनदार सगळं बाळगून होत्या. मेलेल्या शिपायाचं नाव हजेरीपटावर ठेवून पगार उचलण्यातही त्यांचे कप्तान पटाईत होते, तेव्हा अगदीच बिचारे समजू नका.)

दिवाणाने त्याला प्रेमाने बसवून घ्यावं, पाणी विचारावं. जिवंत आहेत त्यांचं पुढच्या सुगीनंतर बघू, म्हणावं. जे पडले त्यांच्या बाबतीत नियम आहे: ज्याचं येणं, त्याने समक्ष येऊन अंगठा उठवायचा. कारकून वही मिटेल, जरा विचार करील आणि तुम्ही तिसऱ्या प्रकरणात आणून विसरून गेलेला तो प्रेतं उठवणारा मांत्रिक सध्या कुठे राहतो, ते विचारील.