एलएलबी ही जोडडिग्री नव्हे

निकाल लागले की खान्देशात घरोघरी हा विषय निघतो. पोरगं बीएस्सी झालं, पोरगी बीकॉम झाली, कुणी इंजिनिअरिंग करून चार वर्षं पुण्यात काढून परत आलं. मग कुणीतरी सुचवतं, "एलएलबी करून घे ना भाऊ, असू दे एक डिग्री हाताशी." माझा विरोध या "असू दे"ला आहे. दुसरा विषय शिकून वकिलीत येणं ही चांगली गोष्ट आहे, खान्देशातल्या कोर्टांना अशा माणसांची गरज आहे. पण तीन वर्षं नोकरी सांभाळत, परीक्षेपुरतं कॉलेजला जाऊन जी डिग्री मिळते, तिने अशिलाचं भलं होत नाही आणि त्या पोराचंही नाही.

आधी पात्रता. कोणत्याही शाखेची पदवी चालते. गुण खुल्या वर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. वयाची वरची अट नाही, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी सीईटी देता येते. एका ठिकाणी मात्र बरेच जण अडकतात. बारावी न करता पूर्वतयारीचा कोर्स करून ज्यांनी मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली, त्यांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे प्रवेश मिळत नाही. दहावी, बारावी, पदवी ही साखळी सलग लागते. हे सीईटीची फी भरायच्या आधी तपासा, नाहीतर गुण चांगले पडूनही कागदपत्रांच्या तपासणीत नाव कापलं जातं.

सीईटीचा बाऊ करू नका. बहुपर्यायी प्रश्न, संगणकावर परीक्षा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही मिळतात. पण सगळ्यात जास्त प्रश्न इंग्रजीचेच असतात आणि आपली मुलं मागे पडतात ती तिथेच. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्यातले अडलेले शब्द वहीत उतरवले, तर सहा महिन्यांत फरक दिसतो.

खरी दमछाक कागदांची होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नानंतर ताईचं आडनाव तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअरवरची मुदत बघा, जातवैधता हातात नसेल तर आजच अर्ज करा. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर जळगावच्या विद्यापीठात मायग्रेशन द्यावं लागतं.

आता हजेरी. नियम ७० टक्क्यांचा आहे आणि तो प्रत्येक विषयाला लागतो, सगळ्यांची सरासरी काढून नाही. नोकरी करत शिकणाऱ्याकडून मालकाचं ना-हरकत पत्र मागायची सूचना बार कौन्सिलने २०२४ मध्ये कॉलेजांना दिली आहे. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" असं म्हणत परराज्यातल्या कॉलेजचा फॉर्म पुढे करणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. पत्राने किंवा ऑनलाइन केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही.

अभ्यासक्रमात तीन मूट कोर्ट, म्हणजे सरावाचे खटले, आहेत, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बसून पाहायचा आहे, तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे. बहुतेक मुलं खटल्याची डायरी सिनियरच्या जुन्या डायरीवरून उतरवतात. ज्याने दोन साक्षीदारांचा उलटतपास बाकावर बसून ऐकला नाही, त्याला पहिल्या वर्षी अशिलासमोर काय बोलावं ते सुचत नाही. जळगावच्या मणियार लॉ कॉलेजात असा की धुळ्या-नंदुरबारच्या, जिल्हा न्यायालय शहरातच आहे. अंतराची सबब चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधीचा विषय वाया जात नाही, उलट तेच तुमचं भांडवल.

बीकॉमवाल्याने चेक बाउन्सचं काम मनापासून शिकावं. रावेर-यावलची केळी ट्रक भरून दिल्लीकडे जाते, चेक तिकडच्या व्यापाऱ्याचा येतो आणि न वटता परत येतो. २०१५ च्या दुरुस्तीपासून ज्या शाखेत शेतकऱ्याचं खातं आहे तिथल्या कोर्टात केस चालते. खातं रावेरला असेल तर केसही रावेरला. शेतकऱ्याने दिल्लीला जायची गरज नाही. पण तारखा हुकल्या की सगळं पाण्यात. समजा चेक वटला नाही असा बँकेचा मेमो १ जुलैला मिळाला. नोटीस ३० दिवसांच्या आत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत रवाना झाली पाहिजे. व्यापाऱ्याला ती ५ ऑगस्टला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, २० ऑगस्टपर्यंत. त्यानंतर एक महिन्यात तक्रार दाखल करायची, २० सप्टेंबर ओलांडू देऊ नका. घाई करून १५ दिवस संपायच्या आत तक्रार टाकली तर कोर्ट तिची दखल घेऊ शकत नाही. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या उशिराला माफी नाही. आणि नोटिशीत मागितलेली चेकची रक्कम चेकवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. टायपिंगची चूकसुद्धा महागात पडते. खातेवही वाचू शकणारा वकील इथे उलटतपासात पुढे असतो, कारण "हे कर्ज नव्हतंच, चेक नुसता तारण म्हणून दिला होता" हा बचाव मोडायला खातेउताऱ्यातल्या नोंदी लागतात.

बीएस्सी ॲग्रीवाल्याने बियाण्यांच्या तक्रारी घ्याव्यात. कापूस उगवला नाही की शेतकरी आधी दुकानदाराशी भांडतो, मग रागाने पिशवी फेकून देतो. पिशवी, तिच्यावरचं लेबल, लॉट नंबर आणि पक्कं बिल, इथेच तक्रार तरते किंवा बुडते. दुबार पेरणीसाठी रान मोडायच्या आत तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यायचा. त्यात जमिनीचा ओलावा, पेरणीची तारीख, शेजारच्या वाणाची उगवण यांची नोंद नसेल तर कंपनी "पाऊसच कमी होता" म्हणून सुटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं आहे की बियाणे कायदा असला तरी शेतकरी ग्राहक मंचाकडे, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाकडे, जाऊ शकतो. उगवणशक्ती आणि वाण म्हणजे काय ते कळणारा वकील असेल तर तो पंचनामा वेळेत आणि नीट होतो.

सिव्हिल इंजिनिअरला मोजणीचा नकाशा कळतो, सुरत-नागपूर महामार्गातल्या भूसंपादनात ते मोलाचं आहे. मोबदल्याच्या वादात लवादाचा निवाडा मान्य नसेल तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायला ३ महिने आणि त्यावर फार तर ३० दिवस, पुढे दार बंद. एमए मराठीवाल्यांनी स्वतःला कमी लेखू नये, नीट मराठीत दावा लिहिणारा ज्युनियर कोणत्याही ऑफिसात लागतोच.

अभ्यास गाईडवर करू नका, मूळ कायदा वाचा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते. म्हणून दोन्ही यावी लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. पाठांतरवाल्याची इथे फसगत होते.

डिग्रीनंतर सनद. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालाप्रमाणे नोंदणीची फी खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, मुद्रांक वेगळा. मग बारची परीक्षा, १०० प्रश्न, मराठीतही देता येते. सनद घेतली की पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, हे "जोडडिग्री"वाल्यांनी आधीच समजून घ्यावं. आणि त्याच न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीश व्हायला तीन वर्षांची वकिली परत बंधनकारक केली आहे. कॉलेजातून थेट एमपीएससीच्या क्लासला बसायचा बेत असेल तर हिशेब नव्याने मांडा.

सुरुवातीला पैसा फार कमी असतो, दोन-तीन वर्षांच्या खर्चाची सोय घरात बोलून ठेवा. सिनियर निवडताना त्यांच्या ऑफिसचा थाट बघू नका. ते ज्युनियरला साक्षीदार तपासू देतात का, ते विचारा.

अशील अहिराणीत सांगतं, "त्यानी मना बांध कोरी लिधा." त्या एका वाक्यातून गट नंबर, किती फूट, कोणत्या दिशेने, कधीपासून, हे सगळं काढून दाव्यात उतरवायचं असतं. हे पोट भरून शिकायला मिळतं ते तालुक्याच्या कोर्टात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक आठवडा जवळच्या दिवाणी न्यायालयात जाऊन बसा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. सकाळी अकराच्या आत जा, मोबाइल बंद ठेवा, दाराबाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, वाचा आणि मागच्या बाकावर बसून संध्याकाळपर्यंत ऐका. पाचव्या दिवशीही सहाव्या दिवसाच्या बोर्डावर काय आहे ते बघावंसं वाटलं, तर फॉर्म भरा.