चाकं जागेवर फिरतात, तो बग नाही

नागपुरातल्या रेल्वेप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ओपन रेल्स’ या रेल्वे चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये वाफेचं इंजिन गाडी उचलताना चाकं जागेवरच फिरवतं, हा बग आहे, ॲडव्हान्स्ड ॲड्हीजन (चाक-रुळाची पकड खऱ्यासारखी दाखवणारं सेटिंग) बंदच करा.

चूक. खरी इंजिनंही अशीच स्लिप व्हायची.

दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक (पिस्टनचा जोर चाक फिरवायला लावणारे दांडे) एकमेकांशी 90 अंशांत असतात. त्यामुळे जोर एकसारखा लागत नाही. चाकाच्या एका फेरीत तो चार वेळा उसळतो. सरासरी जोर रुळाच्या पकडीत बसत असला, तरी एखादी उसळी ती ओलांडते. त्यात पावसाने रूळ ओला असेल, तर विचारूच नका. एकदा चाक सुटलं की घर्षण आणखी घटतं. म्हणून डिझेलच्या सवयीने वाफेचं इंजिन हाकू नका.

अर्थात, गेममधल्या इंजिनाच्या फाइलीत चालक चाकांवरचं (ज्यांना इंजिन फिरवतं त्यांच्यावरचं) वजन कमी भरलं असेल, तर स्लिप अती होईल. पण तो दोष फाइलीचा.

चाकं भिरभिरली की आधी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारी झडप, बंद करा. ती थांबल्यावर वाळू सोडा आणि रेग्युलेटर हळूहळू उघडा. फिरत्या चाकांखाली वाळू गेली, तर खऱ्या इंजिनाच्या चाकं जोडणाऱ्या रॉडना जबर हिसका बसतो.