‘बोर्ड कच्चे आहेत, कापताना कडा तुटतात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडून नेलेले जिप्सम बोर्ड (दोन्ही बाजूंना कागद, मध्ये जिप्समचा थर) कापताना कडा भुसभुशीत तुटल्या, मागचा कागद सोलला गेला आणि स्विचबॉक्सचं भोक वाकडं झालं, असं तुम्ही फोटोंसह लिहिलंत. बोर्ड देताना कापायची पद्धत आम्ही सांगायला हवी होती. ती सांगितली नाही, ही चूक आमची.

फोटोंवरून मात्र दोष कापण्याच्या पद्धतीत दिसतो. १२.५ मिमीचा बोर्ड कटरने आरपार कापायचा नसतो. कापायचा तो कागद, जिप्सम आपोआप मोडतं. दर्शनी बाजू वर घ्या, लोखंडी पट्टी घट्ट दाबा, पातं ५-६ मिमीच बाहेर काढा आणि न थांबता एक रेघ ओढा. कागद पूर्ण कापून जिप्सममध्ये जरासा चरा पडला की पुरे. मग रेघेच्या मागे गुडघ्याचा टेका देऊन, चरा उघडेल अशा बाजूला एक झटका द्या. मागचा कागद अजून जोडलेलाच असतो. तो ओढून तोडला की तुमच्यासारखा लांबवर सोलला जातो, म्हणून घडीवरून मागच्या बाजूने कटर फिरवा. कड खरवडणीने किंवा जाड पॉलिश पेपरने घासून घ्या.

पात्याचं तर फारच महत्त्व आहे. जिप्सम धार लवकर खातं. रेघेवर कागदाचे तंतू उभे राहू लागले की लगेच टोक मोडून नवी धार घ्या.

स्विचबॉक्ससाठी टोकदार हातकरवत दर्शनी बाजूनेच आत घाला. मागून कापलं तर पुढचा कागद फाटतो. बॉक्सभोवती ३ मिमीहून जास्त फट नको. बोर्ड आधीच भिंतीवर असेल तर वीज बंद करा, मागे वायर-पाइप नाहीत याची खात्री करा आणि करवत खोल घालू नका. दरवाज्याभोवतीच्या ‘एल’ आकारात आखूड बाजू आधी करवतीने कापा, लांब बाजू नंतर रेघ मारून मोडा.

फाटलेले बोर्ड टाकून देऊ नका. सैल कागद कापा, उघड्या तपकिरी थरावर प्राइमर लावून वाळू द्या, मगच जॉइंट कंपाउंड (सांधे भरायची पुट्टी) भरा. थेट भरलं तर कागद ओल पिऊन फुगतो.

एक शक्यता आमच्याकडूनही उरते. ओल धरलेला बोर्ड धार नवी असूनही भुसभुशीतच तुटतो. उरलेले तुकडे दुकानात आणा. आतलं जिप्सम ओलसर निघालं तर सगळे बोर्ड बदलून देऊ.