गुहेतली चेन

गुहा म्हणजे गारठा, हे माझं आयुष्यभराचं ज्ञान, आणि त्याच्याच भरवशावर मी भर जुलैत जाडजूड विंडचीटर घेऊन मायोर्काला गेलो. (स्पेनचं बेट, भूमध्य समुद्रातलं. एका अंगाला सगळे डोंगर आणि ते थेट समुद्रात उतरतात.) "अहो, बाहेर बत्तीस डिग्री आहे," बायको म्हणाली. म्हटलं, "बाहेर आहे ना? आपण आत चाललोय."

आदल्या दिवशी डोंगरांनी माझा समाचार घेतलाच होता. सा कालोब्राच्या किनाऱ्यावर उतरणारा रस्ता आंतोनियो पारिएत्ती नावाच्या इंजिनियरने 1932 मध्ये बांधलाय, त्यात एक वळण असंय की रस्ता गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो, त्याला तिकडे टायची गाठ म्हणतात. माझ्या पोटातही तिथेच गाठ पडली. खाली पोचल्यावर कळलं, परत जायलाही हाच रस्ता. असो, तो विषय नको.

तर पोर्तो क्रिस्तोजवळच्या द्राक गुहा. द्राक म्हणजे ड्रॅगन. पायऱ्या उतरतोय, उतरतोय, वरून चुन्याचे हजारो सुळे लोंबतायत, पाणी झिरपून झिरपून एकेक थेंबाने बनलेले, लोक आ वासून वर बघतायत आणि मी घाम पुसतोय. कारण आत बारा महिने साधारण 21 डिग्री आणि दमट इतकं की चष्म्यावर वाफ. पण विंडचीटर काढणार कसा? बायको बघत होती ना.

तळाशी मार्टेल सरोवर. एदुआर मार्टेल या फ्रेंच माणसाने 1896 मध्ये या गुहा धुंडाळल्या, त्याचं नाव दिलंय. बाकांवर शेकडो माणसं बसवतात, दिवे घालवतात आणि काळ्या पाण्यावरून मिणमिणत्या दिव्यांची नाव वाजवत येते, व्हायोलिन, चेलो, सगळं लाइव्ह. बोलू नका, फोटो काढू नका, हे आधी चार भाषांत सांगितलं. चेन उघडू नका हे एकाही भाषेत सांगितलं नाही.

अंधार झाला, म्हटलं हाच चान्स. व्हायोलिन अगदी हळू, जीव गलबलेल असं काहीतरी वाजवत होतं आणि मी चेन खाली ओढली.

खर्रर्रर्र.

गुहेत आवाज घुमतो हो, नुसता घुमत नाही, पलीकडच्या भिंतीला जाऊन चौकशी करून परत येतो. पुढची अख्खी रांग वळली, अंधारातही कळलं. मी हात आवरला, तर चेन पोटावर अडकलेली, आतलं अस्तर दातात गच्च. वर जाईना, खाली येईना. उरलेली मैफल मी श्वास रोखून ऐकली, शेजारच्या आजोबांना वाटलं असणार काय रसिक माणूस आहे, डोळ्यांत पाणीसुद्धा आलंय. तो घाम होता.

बायको चकार शब्द बोलली नाही. नावेत बसून सरोवर ओलांडलं, पायऱ्या चढलो, बाहेर रणरणत्या उन्हात आलो, तेव्हा म्हणाली, "अहो, काढा आता, आलो आपण बाहेर."

काढायचं तर होतं. चेन कुठे सुटत होती?