तोंड वासलेला पाना

उजव्या हाताच्या तीन बोटांची सालटी निघाली आहेत, म्हणून हा मजकूर डाव्या हाताने टाइप करतो आहे. शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या तर त्यांचं खापर आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांवर फोडावं. माझ्यावर फोडायची होती नव्हती तेवढी खापरं रविवारीच फोडून झाली आहेत.

सायकल दर फेरीला 'कर्र' करत होती. डाव्या पायडलचा दोष, असं माझं निदान. पायडल काढायचं, छरे धुवायचे, ग्रीस भरायचं, परत बसवायचं, एवढाच बेत. उजवं पायडल सरावासाठी आधी काढलं. ते शहाण्या मुलासारखं सुटलं आणि मला वाटायला लागलं की आपल्याला हे जमतं.

पायडलला १५ नंबरचा पाना लागतो. माझ्याकडे पान्यांचा अख्खा सेट आहे, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत. त्यात चौदा-पंधराही आहे. पण पायडल आणि क्रँक (पायडल ज्यात पिळून बसवतात तो हात) यांच्यामधली फट इतकी अरुंद, की साध्या पान्याचं जाडजूड डोकं तिच्यात नीट शिरतच नाही. त्यासाठीचा पाना वेगळाच असतो, पातळ आणि हातभर लांब. उजव्या बाजूला माझा पाना कडेकडेने कसाबसा लागला होता. डाव्या बाजूला तो सटकला आणि बोटं थेट स्टँडच्या नटावर जाऊन आपटली.

आमच्या वडिलांच्या काळी घरात तीनच हत्यारं होती: एक पक्कड, एक हातोडी आणि मूठ जळालेला एक स्क्रू ड्रायव्हर. चौथं हत्यार म्हणजे स्वयंपाकघरातली सांडशी, तीही आईचं लक्ष नसेल तेव्हा. एवढ्यावर त्यांनी दोन सायकली, एक रेडिओ आणि नळाचे असंख्य वायसर सांभाळले. माझ्याकडे ४६ नगांची पेटी आहे आणि बोटांना पट्टी आहे.

तर मी बोटं तोंडात घालून उभा असताना काका दुधाच्या पिशव्या घेऊन आले.

"काय चाललंय?"

"पायडल काढतोय. आवाज करतंय."

"मग तेल घाला. खोबरेल."

"खोबरेल थिजतं, काका."

"जानेवारीत थिजतं. आत्ता जून आहे."

याला उत्तर नव्हतं. काकांनी वाकून पायडल पाहिलं, माझा पाना पाहिला, माझी बोटं मात्र पाहिली नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडे पातळ पाना आहे. थांबा."

दहा मिनिटांनी ते आले ते पाना, चष्मा आणि एक वही घेऊन. वही म्हणजे कुठल्याशा बँकेची १९९८ सालची डायरी. आत पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, फ्लॅट, हत्यार, कारण, सही, परतीची अवस्था. मला वाटलं, थट्टा असेल. काकांनी पेनचं टोपण काढलं.

मी चोरून आधीच्या नोंदी वाचल्या. बी-७, हातोडी. कारण: खिळा. परत: दस्ता सैल. ए-४, करवत. कारण: 'फळी (देवघर)'. परत: ठीक, पण उशिरा. सी-२, पक्कड. कारण: 'असंच'. परत: नाही.

"सी-२ वाल्यांनी दिली नाही?"

"२००९ ला अमेरिकेला गेले. पक्कड घेऊन." हे सांगताना त्यांचा आवाज किंचित कापरा झाला.

कारणाच्या रकान्यात मी 'पायडल' लिहिलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कारण नाही. हा सायकलचा भाग झाला." मी खोडायला गेलो तर हात धरला. "खाडाखोड नको. पुढे लिहा." मी पुढे 'ची कुरकुर' असं जोडलं. "आता कसं!" मग सही, आणि सहीखाली कंसात नाव, कारण सही कुणाचीही असू शकते. रक्त लागलेल्या बोटांनी सही केल्यामुळे पानावर डाग पडला; तोही त्यांनी बाणाने दाखवून 'डाग: घेणाऱ्याचा' असं नोंदवलं.

पाना मात्र, खरं सांगतो, देखणा होता. काळपट, सपाट, फटीत असा बसला की जणू तिथेच जन्मला असावा. मी जोर लावला. पायडल ढिम्म.

"घड्याळाच्या उलट फिरवा," काका म्हणाले. "आवळायचं उजवीकडे, सोडायचं डावीकडे. जगात सगळीकडे हाच नियम."

मी उलट फिरवला. शिलाई मशिनचं तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा फिरवला. काका दूध तापवून परत आले. दूधवाला, पेपरवाला आणि कुत्रा फिरवणाऱ्या दोन बायका थांबून बघून गेल्या. शेवटी मी पान्यावर एक जुना लोखंडी पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं. 'कट्' असा आवाज झाला.

"सुटलं!" काका ओरडले.

पायडल नव्हतं सुटलं. पान्याचं तोंड वासलं होतं. डेंटिस्टपुढे बसल्यासारखं, चांगलं दोन-तीन मिलिमीटर जास्त. काकांनी काही न बोलता वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'परत: तोंड वासलेलं.'

मग सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात. काका बरोबर, हातात पाना. पुरावा म्हणून. दुकानात सतराएक वर्षांचा पोरगा. त्याने लांब पाना लावला आणि घड्याळाच्या दिशेने, म्हणजे सरळ, फिरवायला घेतला. त्यालाही पाय द्यावा लागला. "कुणी आवळलंय हो एवढं?" त्याने विचारलं. काकांनी पान्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"काका, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात," पोरगा मला म्हणाला. (सेहेचाळिसाव्या वर्षी मी काका. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तो 'आजोबा' म्हणाला, तेवढाच दिलासा.) म्हणजे पाऊण तास मी ते सोडत नव्हतो, आवळत होतो. त्याने कारणही दाखवलं. मूठ सैल धरून तिच्यात पेन उभं केलं आणि पेनाचं वरचं टोक गोल फिरवलं. टोक एकीकडे फिरतं आणि पेन मुठीत हळूहळू उलटं वळतं. पायडलचा दांडा क्रँकमध्ये तसाच वळायला बघतो. सुलटे आटे असते तर डावं पायडल चालता चालता सुटून रस्त्यात पडलं असतं.

"मी मघाशी तेच म्हणत होतो," काका म्हणाले.

मला हे आधीच कळायला हवं होतं. दर दिवाळीला टेबल फॅन मीच पुसतो आणि पात्यांवरची टोपी उलट्या आट्यांची असते हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या टोपीवर निदान बाण तरी काढलेला असतो. पायडलच्या दांड्यावर फक्त एक बारीक 'एल' कोरलेला. एल म्हणजे लेफ्ट, एवढं मलाही कळतं, पायडल डाव्या बाजूलाच तर आहे! आटे उलटे हे सांगायला दोन अक्षरं जास्त कोरली असती तर कंपनी बुडाली असती का?

आणि ती ४६ नगांची पेटी. तिच्या झाकणावर 'क्रोम व्हॅनेडियम', म्हणजे चांगलं पोलाद, असं ठसठशीत छापलंय, आतल्या ॲलन कीवर (षटकोनी खाचेच्या बोल्टची वाकडी किल्ली) मात्र काहीच नाही. पाच नंबरची की पहिल्याच बोल्टला गोल झाली, आता ती फक्त कुंडीतली माती उकरायला चालते. चांगल्या पोलादाची एक की त्या अख्ख्या पेटीच्या भावात येते. ती घ्यायला जीव धजत नाही, आणि स्वस्तातली तीन वेळा घेऊन झाली आहे. हिशेब मांडू नका, घरी मांडून झालाय.

भरपाई म्हणून बुधवारी अर्धी रजा टाकून पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. बुधवार-रविवार तिथे जमिनीवर अंथरलेल्या हत्यारांत काय वाटेल ते मिळतं. तासभर उकिडवा बसून पातळ, १५ नंबरचा पाना शोधला, ८० रुपयांना. संध्याकाळी काकांना नेऊन दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, दुसरं तोंड पाहिलं.

"माझ्या पान्याला दुसरीकडे १४ होतं. याला १७ आहे."

"पण १५ आहे ना!"

"आहे. पण हा माझा नाही." आणि नोंद उघडीच ठेवली, सी-२ च्या खाली.

गुरुवारी सायकल काढली. ताजं ग्रीस, धुतलेले छरे. दर फेरीला 'कर्र'. चढावर उभं राहून पायडल मारलं, आवाज गायब. बसलो, आवाज हजर. म्हणजे पायडलचा काही संबंधच नव्हता. आवाज सीटचा, तिच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला. पाच नंबरच्या ॲलन कीचा एक वेढा.

आमच्या इमारतीत धड पाच नंबरची ॲलन की एकाच माणसाकडे आहे. त्या डायरीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लाल शाईत नियम लिहिलेत. सही करताना मी ते वाचले होते. चौथा नियम: आधीची नोंद मिटल्याशिवाय दुसरं हत्यार मिळणार नाही.