लिंक पाठवताय? आधी तिची शेपटी कापा

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून आपण तिथे निर्धास्त बोलतो. पण त्याच मेसेजमधून पाठवलेली लिंक समोरच्याने उघडली की ती बरंच काही सांगून मोकळी होते, आणि याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही.

यूट्यूबवर 'शेअर' दाबून कॉपी केलेली लिंक नीट बघा. व्हिडिओचा ११ अक्षरांचा क्रमांक संपला की प्रश्नचिन्ह, मग 'एसआय' आणि पुढे अक्षरांची माळ. व्हिडिओ दिसायला त्या माळेची काहीही गरज नसते. ती तुमच्या शेअर करण्याची खूण. इन्स्टाग्रामच्या लिंकला 'आयजीएसएच' असतं. इथून, म्हणजे फेसबुकवरून, तुम्ही एखाद्या बातमीवर गेलात की तिच्या पत्त्याला 'एफबीसीएलआयडी' चिकटतं. व्हिडिओ कुणी पाहिला एवढ्यावर हे थांबत नाही. तो कुणी कुणाला पाठवला, हेही त्या कंपनीला जुळवता येतं.

'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. आईने लेकीला नैराश्यावरचा व्हिडिओ पाठवला, तर त्यात लेकीचंही काही खासगी आहे, आणि तिला कुणी विचारलेलं नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क लेकीचाही आहेच ना!

उपाय सोपा आहे. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं खोडा आणि लिंक चालते का बघा. बहुतेक वेळा चालते. ब्राउझरच्या पट्टीतून कॉपी केलेल्या यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये मात्र 'व्ही' आणि त्यापुढची ११ अक्षरं ठेवावी लागतात. अ‍ॅमेझॉनच्या लिंकमध्ये 'डीपी'नंतरचा दहा अक्षरी क्रमांक पुरतो. फायरफॉक्स आणि ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये स्वच्छ लिंक कॉपी करायची सोय आहे. गूगलवर शोधल्यावर निकालांचं जे पान येतं, त्याची लिंक तर पाठवूच नका, त्यात तुम्ही टाइप केलेले शब्द जसेच्या तसे असतात. हवं ते पान उघडून त्याचीच लिंक द्या. खरं तर ही सफाई आपल्याला करावीच लागू नये. 'शेअर' दाबल्यावर कोरी लिंकच मिळायला हवी, ते कंपन्यांचं काम आहे.

याहून जास्त काळजी मला गूगल ड्राइव्हच्या लिंकची वाटते. सोसायटीची यादी, त्यात फ्लॅट नंबर, फोन, कधी आधारच्या प्रतीसुद्धा, आणि परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही'! अशी लिंक ग्रुपवर पडली की ती कुठवर जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या आमंत्रणाच्या लिंका गूगलच्या शोधात सापडत होत्या, कारण कुणीतरी त्या उघड्यावर टाकल्या होत्या. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींना, शाळेच्या ग्रुपवरच्या ताई-दादांना माझं कळकळीचं सांगणं: आज रात्री ड्राइव्ह उघडा, जुन्या फायलींची परवानगी बघा, आणि ज्यांना खरंच गरज आहे त्यांचेच ईमेल त्यात ठेवा.