ग्रेड तीनचा वाडा, कुजलेली तुळई आणि विचारायचं कुणाला?

आधीच सांगते, गावाचं नाव लिहिणार नाही, कारण सोमवारी परत महापालिकेच्या त्याच खिडकीसमोर उभं राहायचंय.

तर आमचा वाडा. पणजोबांचा. दोन चौकी होता, मागचा चौक वाटणीत गेला तिथे आता तीन मजली बिल्डिंग उभी आहे, पुढचा चौक, देवडी, ओसरी आणि वरचा दिवाणखाना आमच्याकडे राहिला. काही वर्षांपूर्वी हेरिटेज यादीत नाव आलं, ग्रेड तीन, म्हणजे यादीतली शेवटची श्रेणी, तेव्हा बाबांनी आळीभर पेढे वाटले होते. पेढे!

मागच्या पावसाळ्यात ओसरीवरची तुळई रस्त्याकडच्या बाजूने चार बोटं खाली बसली. बांबूचे टेकू लावले आणि दोन आठवड्यांत महापालिकेची दोन पत्रं आली. एकात म्हटलंय इमारत धोकादायक आहे, महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली नोटीस, ताबडतोब दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या, काही झालं तर जबाबदारी मालकाची. दुसऱ्यात म्हटलंय हेरिटेज कमिटीची परवानगी घेतल्याशिवाय कामाला हात लावू नका. दोन्ही पत्रं एकाच इमारतीतून निघालेली, एक तळमजल्यावरून आणि एक वरून, मधे फक्त एक जिना आहे हो, तो कुणीतरी चढा! वरच्या साहेबांना विचारलं मग परवानगी द्या, तर म्हणे कमिटीची मुदत संपलीय, नवीन बसली की बघू. बरं म्हटलं, निदान कसं दुरुस्त करायचं ते तरी सांगा. तर म्हणे, ते आमचं काम नाही मॅडम, तुम्ही प्रपोजल आणा, आम्ही मंजूर किंवा नामंजूर करणार.

हेच, अगदी हेच माझं डोकं फिरवतं. काय करायचं नाही हे सांगायला अख्खं खातं आहे आणि काय करायचं हे सांगायला एक माणूस नाही. मुंबईत हेरिटेजचे नियम आले १९९५ ला, देशात पहिले म्हणून आपण कॉलर ताठ करतो, त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि यादीतल्या घराच्या मालकाने भिंतीला ओल आली तर कुणाला फोन करायचा याचं उत्तर अजून "कुणी ओळखीचं आहे का बघा" हेच आहे.

मग मी बघितलं ओळखीचं. पहिला काँट्रॅक्टर म्हणाला सगळं सोलून सिमेंट मारू, वर वॉटरप्रूफिंग, दहा वर्षं बघायला नको. दुसरा म्हणाला लोखंडी गर्डर टाकू. तिसरा आला, त्याने तुळईकडे बघितलंच नाही, रस्त्याची रुंदी विचारली आणि एफएसआय, म्हणजे या जागेवर किती बांधता येईल ते, सांगायला लागला. एक कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट मिळाल्या, चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू, पण त्यांचा नुसता रिपोर्टचा आकडा ऐकून मी पाणी प्यायले. इंजिनिअर भाचा म्हणाला टीडीआर घे ना मावशी, म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकता येतो. अरे बाबा, टीडीआर म्हणजे काय वाण्याकडे मिळतो का?

शेवटी खरं कारण सांगितलं ते एका म्हाताऱ्या गवंड्याने, तेही चहा पिताना. बाहेरच्या भिंतीत चाकू घालून दाखवला. आत वीट आणि माती, आणि वर बाबांनी ऐंशीच्या दशकात हौसेने करून घेतलेला सिमेंटचा गिलावा. वाड्याची भिंत ओल पिते आणि सोडते, चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग ती ओल जाणार कुठे, तर भिंतीत रुतलेल्या सागाच्या टोकात. सत्तर टक्के तुळई अजून टणक आहे, ठोकली की खणखणते, फक्त टोक कुजलंय. म्हणजे तेवढं टोक कापून नवं लाकूड सांधलं आणि बाहेरून चुना केला तर काम होतं. एवढं, एवढंच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी बाबांना कुणी सांगितलं असतं तर! ते तरी काय करणार, तेव्हा सगळी आळीच सिमेंट मारत होती.

पण गवंडीबाबांना आता परांचीवर चढवत नाही आणि त्यांचा मुलगा टाइल्सची कामं करतो. कापून सांधणारा सुतार मी अजून शोधतेय.

पैशाचं तर बोलूच नका. वर दोन भाडेकरू, एकाचं भाडं पंचेचाळीस रुपये. १९९९ च्या भाडे कायद्यात वर्षाला चार टक्के वाढवता येतात, म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे, आणि त्याच कायद्यात लिहिलंय की दुरुस्ती मालकाने करायची. माणसं वाईट नाहीत, आजी तर माझ्या लहानपणापासून आहेत, पण एक ऐंशीत साग येत नाही. बँकेत गेले तर व्हॅल्युअर म्हणाला जागेची किंमत धरतो, बांधकामाची शून्य. एकीकडे वारसा, एकीकडे शून्य, ठरवा काय ते.

माझा मावसभाऊ इंग्लंडात ग्रेड टू, म्हणजे तिकडच्या वारसा यादीतल्या घरात राहतो. तोही रडतोच, दुरुस्तीवर वीस टक्के व्हॅट भरतो म्हणून, पण तिकडे विल्यम मॉरिस या कवी-कलाकाराने १८७७ मध्ये काढलेली एक संस्था आहे, जुन्या घराबद्दल फुकट सल्ला द्यायला तिची फोनलाइन आहे. रात्री अकराला मी त्यांची चुन्यावरची माहिती वाचत बसते! आमच्या विटामातीच्या भिंतीसाठी, आमच्या चार महिन्यांच्या पावसासाठी, इंग्रजांचा सल्ला. इकडे आजोबांच्या वहीत चुन्यात गूळ आणि हिरडा किती घालायचा ते लिहिलंय, पण चुना मळायची घाणी फिरवणारं कुणी उरलं नाही.

आणि कौतुकाला तोटा नाही बरं का. दर रविवारी हेरिटेज वॉकवाले येतात, महिरपीचे फोटो काढतात, "जपा हं हे" म्हणून जातात. परवा एक जोडपं प्रीवेडिंगला आलं, म्हणे ते बांबू जरा बाजूला करता येतील का, फ्रेममध्ये येतायत.

तुळई पकडून उभे आहेत ते बांबू, दादा.

असो. कुणाच्या माहितीत सागाला जोड देणारा सुतार असेल, कोकणातला, वाईचा, कुठलाही, तर मेसेज करा, जाण्यायेण्याचा खर्च देईन. आणि "पाडून टाका ना एकदाचं" लिहायला बोटं शिवशिवत असतील तर ते आमच्या मामांनी आधीच तीनदा सांगून झालंय.